माहिती मुलांकडे, चाव्या ऑफिसात

प्रश्न सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका कॉलेजातून आला आहे. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी लिहिते : "आमच्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती आहे, फलकही आहे. पण फलकावरचे दोन सर केव्हाच निवृत्त झालेत. मागच्या वर्षी एका मुलीला त्रास झाला, ती कुणाकडेच गेली नाही, सरळ कॉलेज सोडून गेली. आता आम्ही काही जणांनी प्राचार्यांना भेटायचं ठरवलंय. घोषणा दिल्या की ते बिथरतात आणि नुसतं निवेदन दिलं की ते फायलीत जातं. 'मिळून काम करा' असं सगळे सांगतात, म्हणजे नेमकं काय करायचं?"

मी कुडाळ-सावंतवाडी भागात वकिली करते आणि गेली अकरा वर्षं चार कॉलेजांच्या अशाच समित्यांवर (कायद्यात त्यांना 'अंतर्गत समिती' म्हणतात) बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी त्या फलकाचं बघ. असा फलक मी जवळजवळ प्रत्येक कॉलेजात पाहिलाय. स्टाफरूमबाहेर, कपाटाच्या आड, निळ्यावर पांढरी अक्षरं. एका ठिकाणी तर बाहेरची सदस्य म्हणून माझंच नाव होतं आणि त्याखालचा मोबाईल नंबर मी सहा वर्षांपूर्वी सोडलेला. एखाद्या मुलीने धीर करून फोन लावला असता तर तो भलत्याच कुणाला लागला असता. चूक ऑफिसची तेवढीच माझीही, कारण त्या सहा वर्षांत त्या फलकाखाली बसून मी दहा वेळा तरी चहा प्यायले असेन.

फलकावर काय हवं ते पाठ करूनच प्राचार्यांकडे जा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, पण विद्यार्थ्यांना थेट लागू होतात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम. त्यांच्यावर साल २०१५ आहे, अधिसूचना निघाली २ मे २०१६ ला. समिती अशी हवी : अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरची व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या खुर्चीवरच्या माणसांनी समितीत बसायचं नाही, कारण समिती त्यांच्या दबावाखाली नको. (चार विभाग आणि सहा कायम शिक्षक असलेल्या कॉलेजात हे जमवताना नाकीनऊ येतात, हे मान्य. पण अडचण आहे म्हणून थेट प्राचार्यांनाच अध्यक्ष केलेलंही मी पाहिलंय.)

त्या तीन विद्यार्थ्यांपाशी जरा थांबते. नियम म्हणतो की ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले हवेत, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तिन्ही स्तरांतून. आपल्याकडे संशोधक विद्यार्थी किती ठिकाणी असतात? अशा कॉलेजात मी निदान पदवीच्या तीन वर्षांतून एकेक घ्यायला सांगते. प्रत्यक्षात होतं काय, तर जूनमध्ये सर वर्गात येतात, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघतात, "तू हो गं," म्हणतात आणि झाली निवड. ती मुलगी वर्षभर एका कागदावर सही करते. तुमची पहिली मागणी हीच असू दे : चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान आणि निवडलेल्यांना समितीबरोबर एक पूर्ण दिवस प्रशिक्षण. ही मागणी नाकारायला प्राचार्यांकडे कारण नसतं, आणि त्यासाठी दमडीही लागत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. मिळून काम करायचं म्हणजे एकत्र बसून शपथ घ्यायची आणि फोटो काढायचा असं नव्हे. कुठे, कधी, कुणापासून त्रास होतो ही माहिती मुलांकडे असते. दिवे, कुलपं, वेळापत्रक, पत्रव्यवहार, शिक्षा हे सगळं ऑफिसच्या हातात असतं. दोन्ही एका टेबलावर आणली नाहीत तर मुलं चरफडत राहतात आणि ऑफिस म्हणत राहतं, "आमच्याकडे एकही तक्रार नाही."

एक उदाहरण सांगते. एका कॉलेजात डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेसहाला आम्ही आवारात फिरायला निघालो. वीसेक मुलं-मुली, उपप्राचार्य, एक शिपाई आणि मी. त्या दिवसांत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे चांगलाच काळोख होता. प्रत्येकाच्या हातात आवाराचा हाताने काढलेला नकाशा आणि लाल पेन. जिथे नको वाटतं तिथे ठिपका द्यायचा, कारण सांगायची सक्ती नाही. कॉलेज सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, लायब्ररीतून मुलींच्या वसतिगृहाकडे जाणारी वाट काजूच्या बागेतून, आणि चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, एका जागी ढासळलेला. तिथून बाहेरची पोरं बाईक घेऊन आत येत.

नकाशे गोळा केले तेव्हा काजूच्या वाटेवर ठिपके होतेच, ते अपेक्षितच होतं. पण सगळ्यांत जास्त, अकरा ठिपके पडले होते कँटीनमागच्या पाण्याच्या टाकीपाशी. उपप्राचार्य म्हणाले, "इथे? इथे तर मी रोज गाडी लावतो." दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुम्ही गाडी लावता तेव्हा ते नीट उभे राहतात."

नंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

काजूच्या वाटेवर ट्यूबलाइट होती, बिघडलेलीही नव्हती. पण बटण मीटररूममध्ये, मीटररूमला कुलूप, आणि किल्ली ज्या शिपाईदादांकडे ते साडेपाचच्या एसटीने घरी. दिवे लावायचे तर दिवसाउजेडीच लावून ठेवावे लागत, म्हणून ते लावतच नसत. इलेक्ट्रिशियनने अर्ध्या दिवसात बटण बाहेर व्हरांड्यात आणलं. खर्च म्हणजे थोडी वायर आणि एक स्विच. गडगा श्रमदानाने उभा राहिला, त्यात मुलगे पुढे होते. टाकीपाशी मात्र वायर-स्विचने भागलं नाही. तिथे उभी राहणारी मुलं कॉलेजातलीच होती, त्यातल्या दोघांना समितीने बोलावून समज दिली, आणि प्राध्यापकांनी आपली चहाची जागा त्या बाजूला हलवली. ही चहाची कल्पना मुलांचीच. आम्हा कुणाच्याही डोक्यात ती आली नसती.

एसटीचं प्रकरण कोकणात फार महत्त्वाचं आहे आणि शहरात बसून सुरक्षेच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना ते दिसत नाही. सव्वापाचला प्रॅक्टिकल सुटतं, एसटी थांबते तो तिठा दहा मिनिटांवर, गाडी पाच-वीसची. ती चुकली की पुढची सात वाजता. मधल्या वेळात मुली शेडखाली उभ्या. पावसाळ्यात तर लाइट गेलेली आणि शेजारच्या टपरीवर नको ती मंडळी. मग कुणीतरी ओळखीचा, म्हणजे फक्त चेहऱ्याने ओळखीचा, "सोडतंय चल," म्हणतो आणि ती बाईकवर बसते. माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी दोन अगदी याच मधल्या वेळातल्या. कॉलेजने प्रॅक्टिकल वीस मिनिटं अलीकडे घेतलं आणि आगाराने गाडी दहा मिनिटं पुढे ढकलली, तेव्हा ते थांबलं. आगाराला पत्र लिहायचा अधिकार प्राचार्यांचा. पण किती मुली कोणत्या थांब्यावर उतरतात हा तक्ता मुलींनीच केला.

बरीच कॉलेजं समजतात की आपली जबाबदारी फाटकापर्यंत. नियम तसं म्हणत नाहीत. सहल, अभ्यासदौरा, इंटर्नशिप, शिबिर, सांस्कृतिक महोत्सव, क्रीडास्पर्धा आणि त्यासाठीचा प्रवास हे सगळं 'परिसर' याच व्याख्येत येतं. म्हणजे युवा महोत्सवाच्या तालमी रात्री अकरापर्यंत चालतात तो हॉल, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर भरतं ती गावातली शाळा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी ज्या गावात राहतात ते गाव, सगळं आलं. त्रास देणारा बाहेरचा असला तरी कॉलेजला हात वर करता येत नाहीत, तक्रारदार मुलीला पुढची मदत करायलाच लागते.

शिबिराच्या बाबतीत मी एकच गोष्ट हट्टाने करून घेते. दोन दिवस आधी एक प्राध्यापिका, दोन मुली आणि दोन मुलगे यांनी जागा बघून यायची. एका शाळेत मुलींच्या न्हाणीघराला आतून कडीच नव्हती. नुसता खिळा आणि त्याला गुंडाळायची सुतळी. आधीच्या वर्षीच्या मुलींनी सात दिवस एकमेकींना दारात उभं करून आंघोळी उरकल्या होत्या आणि अहवालात शिबिर "उत्साहात संपन्न" झालं होतं. कडी गावातल्याच दुकानात मिळाली.

तारकर्ली-मालवणकडे पर्यटनाच्या अभ्यासक्रमातल्या मुली होमस्टेमध्ये इंटर्नशिप करतात. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला असतात तिथे अंतर्गत समिती नसते, आणि तक्रार मालकाविरुद्धच असली तरी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता इंटर्नशिपच्या पत्रावरच छापा. मुलीला तो नंतर शोधत बसायला लागू नये.

आता माझी एक चूक सांगते, कारण तक्रार आल्यावर काय करू नये हे त्यातून कळेल. समितीवरच्या माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं प्रकरण. आम्ही तक्रारदार मुलीला रीतसर नोटीस काढली. लिफाफ्यावर समितीचं पूर्ण नाव टाईप केलेलं. शिपायाने तो नेऊन दिला कुठे, तर चालू तासाला, वर्गात, नाव पुकारून. मधल्या सुट्टीत सगळ्या कॉलेजला कळलं. सुनावणीच्या दिवशी तिला ज्या बाकावर बसवलं त्याच्या समोरच्याच बाकावर ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो मुलगा, आपल्या मामाबरोबर. ती आत आली तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि आम्ही तिला पाणी दिलं, जणू काही ते बाहेरच्या उकाड्यामुळेच होतं. तक्रार तिने मागे घेतली. कायद्यात गोपनीयतेचं कलम आहे, ते मला तोंडपाठ होतं.

तेव्हापासून नोटीस समितीच्या अध्यक्ष बाई स्वतः हातात देतात, कोऱ्या लिफाफ्यात. दोघांना वेगळ्या दिवशी किंवा निदान वेगळ्या दाराने बोलावतात. आणि हे सुचवणारे होते विद्यार्थी सदस्य. वर्गात लिफाफा आला की काय होतं ते त्यांनाच ठाऊक असतं.

मुलीला काय हवंय ते आधी विचारायलाही मी उशिरा शिकले. मालवणकडची एक मुलगी म्हणाली होती, "म्हॅडम, माका कोणाक शिक्षा-बिक्षा नको, माका फकस्त ता थांबाक व्हया." म्हणजे शिक्षा नको, फक्त ते थांबायला हवं. चौकशी संपेपर्यंत वाट बघायची गरज नसते. तिने लेखी विनंती केली तर समिती त्याआधीही सांगू शकते : त्या मुलाने तिच्यापासून लांब राहायचं, तो शिक्षक असेल तर तिचे पेपर त्याने तपासायचे नाहीत, तिला रजा हवी असेल तर तीन महिन्यांपर्यंत द्यायची. ही अंतरिम व्यवस्था बहुतेक समित्या वापरतच नाहीत, आणि मला विचारशील तर नियमांतलं सगळ्यांत उपयोगी कलम तेच आहे.

तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर आणखी तीन. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम. तडजोड तिने स्वतः मागितली तरच, आणि पैशांवर कधीच नाही. हे शेवटचं गावात समजावणं सर्वांत जड जातं. दोन्ही घरं एकाच वाडीतली, गणपतीला एकमेकांकडे आरतीला जाणारी. कुणीतरी जाणता माणूस येतो आणि म्हणतो, "आमच्यात मिटवतो, पोरीचं नाव कशाला?" मग पोरीला सोडून सगळ्यांचं मिटतं. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटा ठरला असं कायदा म्हणत नाही, हेही मुलगे आणि पालक दोघांनाही सांगायला हवं.

घाई करून कडक दिसण्याचा मोहही वाईट. गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण बघ, आपल्या शेजारचंच. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या, समितीने पुढे घाईघाईने सुनावण्या उरकल्या आणि विद्यापीठाने त्या प्राध्यापकाला बडतर्फ केलं. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ ला ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण ५ मे २००९ ला जिथे होतं तिथे परत पाठवलं, कारण त्या प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौदा वर्षांनी मागे. त्या मुलींनी तोवर काय काय मागे टाकलं असेल. म्हणून नव्वद दिवसांची मुदत पाळायची, पण उत्तराला वेळ, कागदांच्या प्रती, साक्षीदार यात काटछाट करायची नाही. विद्यार्थी सदस्य आरोपीचा मित्र किंवा नातेवाईक असेल तर त्याने आपणहून बाजूला व्हायचं. छोट्या गावात हे वरचेवर होतं.

अकरावी-बारावीचे वर्ग त्याच इमारतीत असतील तर एक वेगळी गोष्ट. अठरा वर्षांखालच्या मुलावर वा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा लपवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. समितीत बसून 'आधी चौकशी करू' असं चालत नाही. प्राचार्यांशी बोलताना हा मुद्दा शांतपणे मांड, धमकीसारखा नको.

बलात्कारासारखी गंभीर घटना असेल तर समिती नंतर, दवाखाना आधी. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात. पोलीस तक्रार केल्याशिवाय तपासणार नाही असं म्हणता येत नाही. तपासणी मुलीच्या संमतीने, आणि पहिले तीन दिवस मोलाचे. कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. किनाऱ्यावरून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायला रात्री गाडी कोण देईल, हे कॉलेजने आधीच ठरवून दोन नंबर लिहून ठेवायचे. आणीबाणीला ११२, महिलांसाठी १८१, मोबाईलवरच्या फोटो-व्हिडिओच्या प्रकारांसाठी cybercrime.gov.in हे संकेतस्थळ. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

ऑफिस मात्र एक चूक हमखास करील, तिच्यावर लक्ष ठेव. तुम्ही ठिपक्यांचा नकाशा दिलात की उत्तर येईल, "मग वसतिगृहाचं फाटक सहालाच बंद करू." नियमांतच लिहिलंय की सुरक्षेचं कारण देऊन मुलींना मुलग्यांपेक्षा वेगळे निर्बंध लावायचे नाहीत. ते वाक्य छापून खिशात ठेव. माझा अनुभव असा की फाटक लवकर बंद झालं की मुली त्रासाबद्दल बोलायचंच बंद करतात, कारण बोललं की आपलंच बाहेर जाणं बंद होतं.

मुलग्यांबद्दल थोडं. त्यांना व्याख्यान देऊ नका, काम द्या. गाडी चुकलेल्या दिवशी तिठ्यावर गटाने थांबणं, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात कुणाचा फोटो आला तर "काढ तो" एवढं पहिल्याने लिहिणं. दुसरा आपोआप लिहितो. आणि त्रास मुलग्यांनाही होतो, वसतिगृहात, रॅगिंगच्या नावाखाली. आयोगाचे नियम त्यांनाही, तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही संरक्षण देतात. हे कळल्यावर त्यांचा सूर बदलतो.

प्राचार्यांना भेटशील तेव्हा ते म्हणतील, "प्रवेश आधीच कमी होतायत, हे बाहेर गेलं तर पालक मुलींना पाठवायचे नाहीत." ही भीती खरी आहे, तिची टिंगल करू नकोस. त्यांना सांग, नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, मूल्यांकनात लैंगिक छळाच्या तक्रारींची व्यवस्था कशी आहे हे विचारते, आणि सात वर्षं सलग 'शून्य' लिहिलेला तक्ता बघणाऱ्यालाही कळतो. भेटीला चार-पाच जणच जा, त्यात निदान दोन मुलगे असू देत. लेखी काय द्यायचं तर घोषणा नको, तीन ओळी : फलक दुरुस्त करणे, विद्यार्थी सदस्य निवडणे, संध्याकाळची फेरी. प्रत्येकीसमोर तारीख. मागच्या वर्षीच्या मुलीचं नाव घेऊ नका. तिला वाटलं तर ती बोलेल, तिचा नंबर तुमच्यापैकी एकीकडे असेलच.

एसटीचं पत्र पहिल्याच भेटीत मागून घे, कारण त्याला लगेच फळ येतं आणि मग बाकीचं पुढे सरकतं. त्याआधी तीन कागद जमव : पासधारक मुलींची थांब्यानुसार संख्या, प्रॅक्टिकलचं वेळापत्रक, आणि आगाराचं सध्याचं वेळापत्रक. संख्येशिवायचं पत्र आगारात पडून राहतं.